नानासाहेबांची गार गाडी

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. गावाबाहेर, आष्टीच्या रस्त्याला, दूध संघाचं चिलिंग सेंटर होतं. सकाळी अकरा गावांचं दूध आलं की तिथला कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि त्याची धडधड रान ओलांडून आमच्या अंगणापर्यंत यायची. ती सुरू झाली की माय चुलीवर तवा टाकायची, आणि थांबली की अण्णांच्या जेवणाची वेळ झाली असं समजायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे ऑपरेटर होते. दूध थंड ठेवणारं मशीन चालवायचं, त्याचा गॅस, तेल, पट्टे बघायचे, हे त्यांचं काम. संघात त्यांच्याहून मोठ्या खुर्च्या पुष्कळ होत्या, पण मशीन अडलं की सगळ्या खुर्च्या अण्णांच्या तोंडाकडे बघायच्या. अण्णांना त्याचा गर्व नव्हता. मला होता, आणि तो मी शाळेत मिरवायचे.

मी त्यांची एकुलती एक. डबा घेऊन जायचे आणि डबा रिकामा झाला तरी परतायचे नाही. अण्णा शिकवायचे म्हणजे बोलायचे फार कमी. ‘हात लाव’ एवढंच म्हणायचे. नळी गार लागते की कोमट, तिच्यावर घाम कुठपर्यंत आलाय, कुठल्या जोडावर तेलकट धूळ बसलीय, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं. तेलकट धूळ दिसली की तिथून गॅस सुटतोय असं समजायचं, कारण गॅस जाताना थोडं तेल बाहेर नेतो आणि त्याला धूळ चिकटते. गावातल्या बायका मायला म्हणायच्या, पोरीच्या हातात लाटणं द्यायचं तर पाना काहून देता? माय म्हणायची, लाटणंही देते की. द्यायची खरंच. माझ्या पोळ्या आजही गोल होत नाहीत, हा दोष तिचा नव्हे.

मी सांगतेय त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा रुसला होता. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात परतली ती सरळ टँकरच्या रांगेत येऊन उभी राहिली. माय स्वयंपाकात पाणी जपून वापरायची. आठवड्यातून चार दिवस हुलग्याची शेंगोळी व्हायची, कारण ज्या पाण्यात ती शिजते तेच कालवण होतं, काही ओतून द्यावं लागत नाही. लसूण आणि येसर मसाल्याचा वास घरभर सुटायचा आणि जेवताना सगळं बरं चाललंय असं वाटायचं. हात धुतलेलं पाणी परातीत धरून शेळीपुढे ठेवायचं. शेतातून काही यायचं नव्हतंच, जे काही यायचं ते दुधातून. जनावरं चारा छावणीत, माजलगावकडून ट्रकनं येणाऱ्या उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जगत होती आणि त्यांच्या दुधावर घरं जगत होती. दूध नासणं म्हणजे काय, हे त्या साली लहान पोरांनाही कळत होतं.

अशा दिवसांत नानासाहेबांची गार गाडी फिरायची. नानासाहेब दूध संघाचे अध्यक्ष. गाडी खरं तर संघाची, जुनी पिकअप, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. जनावरांची औषधं गावोगाव पोचवायला घेतलेली. नानासाहेबांनी तिला पुण्याला नेऊन एसी बसवून आणला. औषधं गार राहावीत म्हणून, असं सभेत सांगितलं. औषधं मागे हौद्यात उन्हात असायची आणि केबिनमध्ये नानासाहेब. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही काचा वर चढवून स्क्रूनं पक्क्या करून टाकल्या होत्या. गाडी उभी राहिली की खालून पाणी ठिबकायचं आणि आसपासच्या कोंबड्या तिथे धावत यायच्या. टपावर भोंगा होता, आत माईक. संघाची सूचना कसलीही असो, नानासाहेब माईक दुसऱ्याच्या हाती देत नसत. आवाज चांगला होता त्यांचा. हे मला आजही कबूल करावं लागतं.

ऊन तापायला लागलं तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं की दूध थंड करणाऱ्या कूलरमधला गॅस कमी झालाय. स्टोअरमध्ये चार बाटल्या शिल्लक होत्या. कुलूप काढून बघतात तर एकही नाही. किल्ल्या दोनच, एक अण्णांकडे, एक नानासाहेबांकडे. अण्णांनी त्याच दिवशी जाऊन सांगितलं की नवा गॅस मागवा, नाहीतर दूध हाती लागणार नाही. नानासाहेब ‘बघू’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळचं दूध नासलं, त्याच दिवशी संध्याकाळचंही. अकरा गावांचं दूध ओढ्याच्या कोरड्या पात्रात ओतलं. दुसऱ्या दिवशी गार गाडी गावोगाव फिरली. आमच्या गावात आली तेव्हा माय शेंगोळी वळत होती आणि मी अंबाजोगाईहून कॉलेजच्या सुटीला आले होते. भोंग्यातून नानासाहेबांचा आवाज आला की सभासदांनी धीर धरावा, यात संघाचा दोष नाही, ऑपरेटर दत्तू यानं गॅसच्या बाटल्या चोरून विकल्या म्हणून दूध नासलं, त्याला कामावरून काढलं आहे. मायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. अण्णा उंबऱ्यात उभे होते. ते आत आले, बाजेवर बसले आणि त्यानंतर दोन महिने घराबाहेर पडले नाहीत.

दारावरून जाणारी माणसं आमच्याकडे न बघता जायला लागली. ज्यांच्या घरचा पंखा, मोटार, रेडिओ अण्णांनी चहाच्या कपावर दुरुस्त केला होता, ती माणसंही. गयाकाकू, आमच्या शेजारच्या, एका म्हशीवर चार तोंडं पोसणाऱ्या, त्या तर मायला पाण्याच्या रांगेत म्हणाल्या, ‘आमच्या लेकरांच्या तोंडचं ओतलं गं तुमी.’ माझं कॉलेज सुटलं. त्याचं मला दुःख झालं, पण खरी आग लागली ती अण्णांना बघून. संघानं थोडा गॅस मागवून मशीन कसंबसं सुरू केलं होतं, दुपारी लांबून कॉम्प्रेसरची धडधड यायची. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि तसेच पुटपुटायचे, पट्टा सैल झालाय. किंवा, तेल कमी पडलंय त्याला. ज्या मशीनपायी त्यांना हाकललं त्याची काळजी ते पडल्या पडल्या करायचे. मी विशीतली होते. मी रोज अंथरुणावर पडून नानासाहेबांचं काय करायचं याचे बेत करायचे आणि ते सगळे बेत रक्ताचे असायचे. माझी नात म्हणते, आजी, तू फार डूख धरतेस. धरते. ज्यांना धरता येत नाही त्यांचं काय होतं ते मी बाजेवर पडलेलं पाहिलं आहे.

आणि मग एका सकाळी ती गाडीच आमच्या दारात आली. आत नानासाहेब नव्हते, नुसते रहीमचाचा. ते गाडीचे ड्रायव्हर, अण्णांच्या वयाचे, दाढी पांढरी, सदरा पाठीला चिकटलेला. अण्णांकडे न बघता ते माझ्याशीच बोलले. दोन दिवसांनी मंत्री छावणी बघायला येणार होते आणि नानासाहेबांना त्यांना गार गाडीतून फिरवायचं होतं. एसी मात्र गरम हवा फेकत होता. अंबाजोगाईचा मिस्त्री गावाला गेलाय, असं चाचांनी नानासाहेबांना सांगितलं होतं. तेव्हा नानासाहेब म्हणाले होते, दत्तूला नको, त्याच्या पोरीला दाखव, तिला येतं म्हणतात. अंबाजोगाईचा मिस्त्री कुठेही गेला नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. अण्णा उठून आतल्या खोलीत गेले. मी त्यांची पान्यांची पिशवी खुंटीवरून काढली. कशासाठी काढली म्हणाल तर त्या क्षणी गाडी दुरुस्त करायला नव्हे. एखादा जोड असा सोडून द्यावा की मंत्र्यासकट सगळे भाजून निघतील, एवढंच डोक्यात होतं.

पण हाताला वळण लागलेलं असतं. बॉनेट उघडलं आणि मी आपसूक अण्णांच्या पद्धतीनं बघायला लागले. आधी पट्टा दाबून पाहिला, ठीक होता. चाचांना इंजिन सुरू करून एसीचं बटण दाबायला सांगितलं, कॉम्प्रेसर टक् करून लागला, म्हणजे तो जिवंत होता. पुढची जाळी, जिच्यातून गॅसची उष्णता बाहेर पडते, ती छावणीतल्या पाचटानं आणि धुळीनं गच्च भरली होती. एरवी ती पाण्यानं धुतात. आमच्याकडे पाणी कुठलं? मी सायकलच्या पंपानं आणि रंगाच्या जुन्या ब्रशनं ती साफ केली, त्यात तासभर गेला. मग केबिनमध्ये जाऊन हवा बघितली. ड्रायव्हरच्या बाजूच्या जाळीतून काहीच येत नव्हतं. बोट घातलं तर आत उपरण्याची चिंधी गच्च कोंबलेली. मी चाचांकडे पाहिलं. ते म्हणाले की नानासाहेबांनीच कोंबलीय, सगळी हवा त्यांच्या बाजूला यावी म्हणून. एका केबिनमध्ये बसून ड्रायव्हरनं घाम गाळायचा आणि अध्यक्षांनी गार व्हायचं, हे त्यांनी असं सांगितलं जसं गाडीला चार चाकं असतात असं सांगावं. मी चिंधी तशीच राहू दिली.

नळीच्या वाटेवर बोटाच्या पेराएवढी एक काच असते. तिच्यात गॅस वाहताना दिसतो. स्वच्छ दिसला तर पुरेसा, बुडबुडे दिसले तर कमी. काच बुडबुड्यांनी पांढरी झाली होती. म्हणजे गॅस कुठून तरी सुटत होता. मायकडे साबणाचं पाणी मागितलं तर तिनं कप विसळलेलं अर्धा कप पाणी दिलं आणि सांडू नकोस म्हणाली. मी एकेका जोडाला फेस लावत गेले. कॉम्प्रेसरमागच्या जोडाशी मात्र फेस लावायचीही गरज नव्हती, तिथे बोटभर जाड तेलकट धूळ बसली होती. ती पुसली तर खाली सुतळी. सुतळी गुंडाळून वर सफेदा फासलेला, अगदी बोरच्या पाइपाला लावतात तसा. चाचा म्हणाले की पुण्याचा जोड सुटल्यावर हा बोर बसवणाऱ्या मिस्त्रीनं केलाय. त्या साली आमच्या भागात त्याच्याइतका मान कलेक्टरलाही नव्हता. पाणी लागो न लागो, लोक त्याला कोंबडं कापायचे. नानासाहेब त्याला म्हणाले होते, पाइप तो पाइप, पाण्याचा काय आणि गॅसचा काय. पाण्याला सुतळी चालते, ती भिजून फुगते. गॅस तिच्यातून चाळणीतून जावा तसा जातो. त्यावर फेस लावला तर माझ्यासमोर लाळ गळावी तसे बुडबुडे आले.

एवढा गॅस सुटतो तर गाडी उन्हाळाभर गार राहिली कशी, असं माझ्या मनात आलं आणि मी तसंच विचारलं. दर आठ-दहा दिवसांनी भरावा लागतो, चाचा म्हणाले. कुठून भरता? चाचांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली. मग गाडीच्या मागे बोट करून हळू म्हणाले, ‘हौद्यात वाढ्याखाली पोतं हाय. बघायचं तर बघ. म्या काय बोललो न्हाई.’ मी पोतं उचललं. खाली गॅसची बाटली होती, आणि तिच्यावर निळ्या रंगानं दूध संघाचं नाव होतं. हलवून पाहिली, निम्मी भरलेली. तीन रिकाम्या झाल्या होत्या, ही चौथी. कूलरला आणि गाडीच्या एसीला तोच गॅस लागायचा. अकरा गावांचं दूध सुतळीच्या जोडातून उडून गेलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो आनंद. मी पोतं परत झाकलं आणि चाचांना सांगितलं की नानासाहेबांना म्हणा, काम झालंय, पण भरल्या गॅसची तपासणी सेंटरवरच करावी लागते. उद्या सकाळी दूध घालायच्या वेळेला गाडी तिथे आणा. आणि गारवा किती येतो ते सांगायला नानासाहेबांनी स्वतः आत बसायला हवं. चाचांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ‘आणतो’ म्हणाले.

संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते उठून बसतील. ते पडूनच राहिले. मग म्हणाले, ‘रहीमचं काय हुईल, ते बघ आधी. गाडी त्याच्या हातात हाय. त्याच्यावरच ढकलतील.’ मी म्हणाले, तुमच्यावर ढकललं तेव्हा कुणी बघितलं होतं? माय म्हणाली, जेवून घ्या. त्या रात्री आम्ही तिघं एका ताटाभोवती बसलो आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही.

सकाळी सेंटरच्या फाटकापाशी दुधाच्या बरण्यांची रांग लागली होती. बाया, बापे, म्हातारे, सगळी गावं. गार गाडी आली. नानासाहेब पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, आत बसूनच हातानं चालू करा म्हणाले. मी बॉनेट उघडून फेस लावला आणि मुद्दाम मोठ्यानं गयाकाकूंना म्हणाले, बघा काकू, गॅस कसा उडून चाललाय. माणसं जवळ आली. बुडबुडे बघायला कुणाला आवडत नाही? मी सांगितलं की असा उन्हाळाभर उडतोय, दर आठ दिवसांनी नवा भरावा लागतो. गयाकाकू हुशार बाई. ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते तो त्यांनीच विचारला की मग एवढा गॅस येतो कुठून? मी मागे गेले, पोतं ओढलं आणि बाटली उचलून फाटकात सगळ्यांच्या मधोमध उभी केली. तिच्यावरचं निळं नाव त्यांच्या प्रत्येकाच्या बरणीवर होतं. वाचता न येणाऱ्यांनाही ते ओळखता येत होतं.

नानासाहेब खाली उतरले. घाबरतील असं वाटलं होतं, पण राजकारणात मुरलेला माणूस, त्याला एक श्वास पुरला. ‘म्हणजे चोर हा हाय तर,’ ते म्हणाले. ‘रहीम, माझ्या गाडीत बसून हे धंदे करतो का बे?’ मग सगळ्यांकडे वळून सांगितलं की दत्तूवर उगाच आळ आला, बरं झालं पोरीनं उघडकीला आणलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की तुझ्या बापाला उद्यापासून कामावर घेतो. रहीमचाचा मान खाली घालून उभे होते. अण्णा जसे उंबऱ्यात उभे होते, तसेच.

इथे मला खोटं लिहिता आलं असतं. मला रहीमचाचांची दया आली, मला न्याय हवा होता, असं. दया आली, पण मागाहून. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की अण्णांचं नाव माझ्या हातात आणून दिलंय आणि ते घेऊन मी घरी गेले तर हा माणूस सुटतो. मला अण्णांचं नाव हवं होतं, पण नुसतं नाव नको होतं. नानासाहेब हवे होते. मी केबिनचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या बाजूच्या जाळीत बोट घालून ती चिंधी खेचून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. जरीकाठी उपरण्याचा तुकडा होता तो. तसलं उपरणं आमच्या तालुक्यात एकाच खांद्यावर असायचं. कशासाठी कोंबली होती तेही सांगितलं.

‘गॅस ड्रायव्हरनं चोरला आसंल, नानासाहेब,’ मी म्हणाले, ‘तर गार हवा कुणी खाल्ली?’

मागे कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. गयाकाकूंनी आपल्या बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. त्यांच्यामागची बाई बसली, मग तिच्यामागचा म्हातारा. बघता बघता सगळी रांग खाली बसली. दूध उन्हात, मंत्री दुसऱ्या दिवशी येणार, आणि एकही बरणी उघडेना. सेंटरचा कारकून आतून बाहेर, बाहेरून आत करत होता. नानासाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की काय पाहिजे तुला. मी बाजूला गेले नाही. जिथे उभी होते तिथूनच सांगितलं: ज्या अकरा गावांत माझ्या बापाचं नाव घेतलंत, त्या अकरा गावांत जायचं. याच गाडीतून, याच भोंग्यावर, तुमच्याच आवाजात. आजच. गयाकाकू खालूनच म्हणाल्या, ‘तवा दूध घालू.’

नानासाहेब गाडीकडे वळले, तेव्हा कुठे बरण्या उघडल्या. बाटली मी आणि चाचांनी मिळून आत नेली आणि कूलरला जोडली. तिची जागा तीच होती. कॉम्प्रेसरचा आवाज बदललेला मला बाहेरही कळला, घरी अण्णांनाही कळला असणार. गाडीत मात्र आता काही उरलं नव्हतं. सुतळीचा जोड मी तसाच ठेवला. भर दुपार, काचा स्क्रूनं बंद, आणि बाकावर आम्ही तिघं: चाचा, मध्ये मी, दाराशी नानासाहेब. तव्यावर भाकरी कशी फुगते ते मला त्या दिवशी आतून कळलं. चाचांना आणि मला उन्हाची सवय होती. नानासाहेबांचा सदरा पहिल्या गावाच्या वेशीपर्यंत ओला झाला.

पहिल्या गावात त्यांनी माईक घेतला आणि सुरू केलं की काही तांत्रिक कारणांमुळे, काही गैरसमजुतीमुळे. चाचांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली आणि समोर बघत बसले. नानासाहेबांना दार उघडून उतरता आलं असतं, पण बाहेर दूध ओतलेली माणसं उभी होती. ‘नीट सांगा सायेब,’ चाचा म्हणाले, ‘लई गरम व्हायलंय.’ त्यानंतर नानासाहेबांनी नीट सांगितलं. गॅसच्या बाटल्या मी घेतल्या, दत्तू ऑपरेटर चोर नाही, रहीमही नाही. दुसऱ्या गावात सांगितलं, तिसऱ्या गावात सांगितलं. सहाव्या गावात त्यांना भोवळ आली, आम्ही लिंबाच्या झाडाखाली थांबलो आणि एका म्हातारीनं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. आज कुणी विचारतं, सुमनताई, साठीच्या माणसाला असे हाल करून फिरवताना काही वाटलं नाही? वाटलं. मला वाटलं, गावं अकराच का आहेत. नानासाहेब त्यानंतरही निवडून आले, हेही सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच मोठा अर्थ काढायला नको.

आमचं गाव मी शेवटी ठेवलं होतं. गाडी घरापुढे आली तेव्हा ऊन उतरत होतं. सगळी आळी बाहेर आली. अण्णा दाराची चौकट धरून उंबऱ्याबाहेर आले. नानासाहेबांचा घसा बसला होता, शब्द फुटेना. मायनं तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. त्या साली तांब्याभर, आणि त्या माणसाला. मला तिचा राग आला, तो पुढे कितीतरी वर्षं राहिला. ते पाणी प्याले, माईक तोंडाशी धरला आणि बोलले. आवाज फाटका होता, पण शब्द सगळे होते. अण्णांनी ऐकून घेतलं. मान हलवली. मग त्यांनी दोन महिन्यांनी पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं. ‘झालं आता,’ ते म्हणाले. ‘उतरा नानासाहेब. सावलीला बसा जरा.’

नानासाहेबांनी दाराच्या मुठीला हात घातला. मी माईक उचलून परत त्यांच्यापुढे धरला. अण्णा माझ्याकडे बघत होते, उतरू दे त्याला, असं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

‘परत सांगा,’ मी म्हणाले. ‘मागच्या आळीला ऐकू गेलं न्हाई.’